कुंकवाच्या कप्प्यातल्या गोळ्या

अनघाचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "आत्या, आई गेल्या," एवढंच ती बोलली आणि मग फोन तसाच चालू राहिला... पलीकडे वॉर्डात कुणीतरी खाट सरकवत होतं, तो आवाज मला येत राहिला. आई म्हणजे तिच्या सासूबाई. माझ्या थोरल्या भावाची बायको, माझी मालतीवहिनी. आदल्या दिवशी मी तिला भेटून आले होते, तिला बोलता येत नव्हतं, तरी माझा हात तिनं सोडला नव्हता. तेव्हा ही बातमी काही आभाळातून पडली नव्हती. पण गाळणीतला चहा ओट्यावर सांडला, तो पुसायचं मला दुपारपर्यंत सुचलं नाही.

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या दादाच्या घरी तिला आणलं. सवाष्ण गेलेली, त्यामुळे बायकांची रीघ लागली. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, ओटी, सगळं रीतसर झालं आणि मग मळवट भरायला रांग. एकेक जण वाकायची, मूठभर कुंकू वहिनीच्या कपाळावर चोपडायची आणि त्यातलंच चिमूटभर आपल्या कपाळाला लावून घ्यायची, कारण अहेवपणी गेलेल्या बाईचं कुंकू भाग्याचं. "किती पुण्यवान हो! नवऱ्याच्या आधी गेली." "वयही झालंच होतं म्हणा." मी कोपऱ्यात दादाशेजारी उभी होते आणि माझं डोकं असं तडकलं की विचारू नका. अहो, ह्याच बायका! गेली आठ-नऊ वर्षं, एक संध्याकाळ सोडली तर, ह्यांतल्या एकीनंही वहिनीचं बोट आपल्या कपाळाला लागू दिलं नव्हतं. वहिनी कुंकू लावायला पुढे झाली की ह्या मान मागे घ्यायच्या आणि गोड हसून म्हणायच्या, "राहू द्या, आम्हीच लावून घेतो." आणि आता तिच्या कपाळावरचं पुसून घेताना कुणाला किळस येत नव्हती.

मी बोलले. मला गप्प बसता येत नाही, हे उज्जैनमधल्या निम्म्या मराठी घरांना ठाऊक आहे. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, आवाज तिथेच चढला तो उतरलाच नाही. मी म्हटलं, "आता नाही का लागत तिचा रोग?" एकीनं पदर सावरला, एकीनं घड्याळ पाहिलं. दादा म्हणाला, "अगं, आज नको." म्हणून मी थांबले. पण स्वयंपाकघराच्या दारातून जाताना दोघींची कुजबुज माझ्या कानावर आलीच. "सुनेनंच गोळ्या उलट्यापालट्या केल्या म्हणतात... चुकून की काय, देवच जाणे." अनघा दोन हातांवर तिथेच उभी होती, पाणी भरत. तिनं ऐकलं आणि नळ बंद केला. तेव्हाच मी ठरवलं की दिवसवार होऊ देत, मी हे लिहिणार. वहिनी कशी होती हे लिहिणारच, पण ती कशी गेली आणि कुणामुळे गेली, तेही.

वहिनी आमच्या घरी लग्न होऊन आली तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या आईनं तिला चांदीची कोयरी दिली. आंब्याच्या आकाराची, झाकणाची, आत दोन कप्पे, एकात हळद, एकात कुंकू. त्या कोयरीवर लहानपणापासून माझा डोळा होता, आणि ती सरळ नव्या सुनेच्या हातात गेली म्हणून मी दोन दिवस फुगून बसले होते. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले तर ही दारात कोयरी घेऊन उभी. "थांबा वन्सं, कुंकू लावते." मी म्हटलं, मी काय पाहुणी आहे? तर म्हणते कशी, "पाहुणी नाही म्हणूनच. रोज लावणार." आणि खरंच रोज लावलं. माझं लग्न झालं, मी त्याच गावात पलीकडच्या कॉलनीत गेले, तरी दादाकडून निघताना तिचं "थांबा वन्सं" चुकलं नाही. दूधवाल्याची बायको असो, बोहारीण असो, कलेक्टरीणबाई असो, तिच्या उंबऱ्यातून बाई मोकळ्या कपाळानं जायची नाही. तिचं बोट कुंकवात बुडायचं, कपाळावर टेकायचं आणि एक क्षण तिथेच थांबायचं. तो थांबलेला क्षण मला फार आवडायचा... आई गेल्यानंतर तर जास्तच.

साठीच्या आसपास तिच्या कोपरांवर लाल चट्टे उठले, वर चंदेरी पापुद्रे. मग गुडघे, मग डोक्यात, केसांच्या कडेनं. शेवटी तळहात. सोरायसिस. नाव कळायलाच दोन वर्षं गेली, कारण तोवर जो तो आपापलं नाव देत होता. कुणी म्हणालं रक्त खराब, कुणी म्हणालं मागच्या जन्मीचं. राम घाटावरच्या एका गुरुजींनी शिप्रेत स्नान सांगितलं, ते तिनं थंडीत केलं आणि ताप घेऊन आली. रेल्वे लाइनीपलीकडे एक जण बसायचा, त्याच्या पाटीवर जगातल्या सगळ्या रोगांची नावं होती. "खून में गरमी है माताजी, जड़ से निकाल दूँगा," म्हणून त्यानं काळी पूड दिली. पंधरवड्यात कातडी अशी लख्ख झाली की दादानं त्याला नारळ नेऊन दिला. पूड संपली आणि सगळं अंग लाल भडक झालं. पांघरुणं घालून घालून थकलो, तरी हुडहुडी जाईना. पुढे शिकलेल्या डॉक्टरनं सांगितलं की त्या पुडीत स्टेरॉइड कुटून घातलेलं असणार, म्हणून आधी बरं वाटलं आणि बंद होताच उलटलं. दादा जाब विचारायला गेला तोवर पाटी होती, माणूस नव्हता.

आणि एक गोष्ट पेपरची ही पुरवणी वाचणाऱ्या प्रत्येक बाईनं कान उघडे ठेवून ऐकावी. सोरायसिस लागत नाही. हात धरल्यानं लागत नाही, एका ताटात जेवल्यानं लागत नाही, कुंकू लावून घेतल्यानं तर मुळीच नाही. हे मी समाजाच्या हॉलमध्ये, हळदीकुंकवात, लग्नात, जिथे संधी मिळेल तिथे ओरडून सांगितलं. सगळ्या माना डोलवायच्या. "हो हो, आम्हाला माहीत आहे ना." आणि मग वहिनीनं वळलेले लाडू ताटलीत तसेच राहायचे. गणपतीत मोदकांना तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता, पाकळ्या अशा पडायच्या की बघत राहावं. एका वर्षी मंडळाच्या बाईंनी निरोप धाडला, "मालतीताईंना म्हणावं, ह्या वेळी आराम करा." आराम! त्या निरोपाचं उत्तर मी द्यायला निघाले होते, चप्पल घातलीसुद्धा, तर वहिनीनं हात धरून बसवलं. "जाऊ द्या ना वन्सं, फालतू कशाला डोकं गरम करता." मग गॅसकडे तोंड करून उभी राहिली. मोदक तिनं त्याही वर्षी केले, घरच्यापुरते, आणि मी हावरटासारखे खाल्ले.

त्यानंतर तिनं स्वतःच कुंकू लावणं सोडलं. सोडलं म्हणजे काय, दारात यायची, कोयरी घेऊन हात लांब करायची आणि म्हणायची, "घ्या, लावून घ्या तुम्ही." समोरच्या बाईनं नाही म्हणायच्या आत हिनंच सोय करून टाकलेली. मला पण एकदा असंच म्हणाली. मी कोयरीकडे पाहिलंच नाही, कपाळ पुढे केलं आणि उभी राहिले. "लाव." ती म्हणाली, हात खरबरीत झालाय हो, टोचेल. मी म्हटलं, टोचू दे. तिनं लावलं. टोचलं थोडं. मी रस्त्यात रडत गेले, टावर चौकात भाजी घ्यायची होती ती विसरले.

तिचं कपाट बदललं. गडद साड्यांवर पापुद्रे दिसतात म्हणून तिनं आवडती काळी चंद्रकळा अनघाला देऊन टाकली आणि भैरवगढ़च्या छापाच्या फिक्या सुती साड्या घेतल्या, त्याही जितक्या धुतलेल्या तितक्या तिला आवडायच्या, अंगाला मऊ लागायच्या. सकाळी गच्चीत चादर झटकायची, तर शेजारच्यांनी दादाला सांगितलं की हवेतून आमच्याकडे येतं. मग ती चादर बादलीत बुडवून झटकू लागली. आंघोळ झाली की ओलसर अंगालाच खोबरेल तेल चोळायचं, मग गच्चीत कोवळ्या उन्हात बसायचं, पाठ, हात, पाय पाळीपाळीनं उन्हाला धरायचे. एवढ्यानंही तिला बराच आराम पडायचा. तिथे बसून ती मला शेंगा सोलायला लावायची आणि आख्ख्या गल्लीच्या नकला करायची. मंडळाच्या बाईंची मान मागे घेण्याची नक्कल तर अशी करायची की मी हसून हसून पोट धरायची. स्वतःच्या अपमानाची नक्कल करणं मला कधी जमलं नसतं, मी थोबाडीत दिली असती.

मग धर्मार्थ दवाखान्यात इंदूरहून चामडीचे डॉक्टर महिन्यातून एकदा येऊ लागले. सबंध जिल्ह्यासाठी एक माणूस, महिन्यातून एक सकाळ. बाकावर म्हातारी माणसंच जास्त, कुणाचे पाय सुजलेले, कुणाचे हात फडक्यात गुंडाळलेले, गावाकडून पहाटेच्या बसनं आलेली. डॉक्टर वाईट नव्हते, पण त्यांना मान वर करायला सवड नव्हती. वहिनी समोर बसलेली असताना ते अनघाशी बोलले. "इनको ये हफ्ते में एक दिन देना है, सोमवार को, चार गोली एक साथ. दूसरी वाली रोज एक, सोमवार छोड़कर. खून की जाँच करवाते रहना." सोमवार का, तर महाकालाच्या गावात सोमवार कुणी विसरत नाही, हे त्यांचं शहाणपण. मला आजही ते पटतं. पण सोमवारची गोळी रोज पोटात गेली तर माणूस मरू शकतो, हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. त्यांनी नाही, नर्सनं नाही, औषधाच्या खिडकीवरच्या माणसानं नाही. एवढं एक वाक्य! मी एक्स्चेंजमध्ये असताना चुकीचा नंबर जोडू नये म्हणून आम्हाला महिनाभर शिकवलं होतं, आणि चुकीच्या नंबरानं कुणी मरत नाही.

रक्ताच्या तपासणीचं ऐका. लॅबवाल्यानं तिचा हात पाहिला आणि म्हणाला, "नस नहीं मिल रही, चमड़ी ठीक होने के बाद आना." अहो, चमडी ठीक व्हावी म्हणून तर गोळी चालू होती, आणि गोळी चालू म्हणून तपासणी! अनघानं पुन्हा नेलं, तर दुसऱ्यानं हातमोजे नाहीत म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा वहिनीच म्हणाली, राहू दे, मला त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. ती कंटाळली नव्हती, लाजली होती. सत्तरी ओलांडलेल्या बाईला स्वतःच्या हाताची लाज वाटायला लावणारे लोक आपण, आणि वर म्हणायचं, पेशंट ऐकत नाहीत.

आता गोळ्या. त्या दवाखान्याच्या खिडकीमागे मोठमोठ्या बरण्या आहेत. तिथला माणूस बरणीतून गोळ्या ओततो, कागदाच्या पुडीत बांधतो आणि वर पेनानं रेघोट्या मारतो. औषधाचं नाव नाही, काही नाही. दोन्ही गोळ्या बारीक, गोल, पिवळ्या. शेजारी शेजारी ठेवल्या तर त्यांना जन्म देणाऱ्या कंपनीलाही ओळखू येणार नाहीत. आणि घेणारी कोण, तर जिला सकाळ-संध्याकाळ हातांना तेल चोळायला सांगितलंय अशी बाई. चार दिवसांत पुडीचा कागद तेलानं पारदर्शक झाला, अक्षर पसरलं, गेलं. वहिनी हुशार, तिनं उपाय काढला. कोयरी एव्हाना रिकामीच असायची, दारात कुंकू आता अनघा लावायची, स्टीलच्या करंड्यातून. वहिनीनं कोयरी धुऊन पुसून घेतली, सोमवारच्या गोळ्या कुंकवाच्या कप्प्यात, रोजच्या हळदीच्या कप्प्यात. मला दाखवलं, म्हणाली, "बघा वन्सं, तुमची कोयरी कामाला लावली. हळद रोज लागते, कुंकू सोमवारी." मी म्हटलं, माझी कुठली, तूच ढापलीस. ती खो-खो हसली. किती महिने ते बिनचूक चाललं. ती घड्याळासारखी गोळ्या घ्यायची.

आणि गुण आला हो. मी खोटं का बोलू, त्या औषधानं गुण आला. पावसाळा सरता सरता तळहात मऊ पडले, कोपरांवर नुसते फिके डाग उरले. ती सारखी एका हाताचा अंगठा दुसऱ्या तळव्यावर फिरवून बघायची. दादाच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, संध्याकाळी गावातल्या बायका दर्शनाला आणि हळदीकुंकवाला येतात. त्या सकाळी वहिनी अनघाला म्हणाली, "गोळ्या वाट्यांत काढ आणि कोयरी चिंचेनं घासून दे. आज मी लावणार." अनघानं दोन वाट्या घेतल्या, स्टीलच्या, घरातल्या सगळ्या वाट्या असतात तशा. एकीत एका कप्प्यातल्या ओतल्या, दुसरीत दुसऱ्यातल्या, आणि फडताळात वर ठेवल्या. संध्याकाळी वहिनी महालक्ष्म्यांच्या बाजूला पाटावर बसली, मांडीवर झगझगीत कोयरी. बायका आल्या. हात बघितले, स्वच्छ दिसले, आणि माना पुढे झाल्या. मंडळाच्या बाईंनीसुद्धा केली. वहिनीनं सगळ्यांना लावलं, प्रत्येकीच्या कपाळावर बोट क्षणभर थांबवून. माझ्या वेळी डोळा मिचकावला. तिच्या लग्नातसुद्धा ती इतकी सुंदर दिसली नव्हती, मी तेव्हा फुगलेली होते तरी मला नीट आठवतं.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या. घरात पुरणाची भांडी, सोळा भाज्यांची पातेली, पाहुण्यांची अंथरुणं, आणि त्या सगळ्यात अनघानं कोयरी धुतली, पुसली आणि वाट्यांतल्या गोळ्या परत भरल्या. उलट्या भरल्या गेल्या. दोन्ही ढीग सारखे, दोन्ही गोळ्या सारख्या. वाट्या फडताळात कुणी सरकवल्या, कुणी खालीवर केल्या, कोण सांगणार? अनघाच्या जागी मी असते तरी हेच झालं असतं, हे वाचणाऱ्या बाईच्या हातूनही झालं असतं. आणि वहिनी... तिनं नेहमीप्रमाणे एकही दिवस न चुकवता हळदीच्या कप्प्यातली गोळी रोज घेतली.

आठवड्यानंतर तिचं तोंड आलं. जिभेवर, गालात, ओठाच्या आत फोड, पाणीसुद्धा झोंबायचं. आता आपल्याकडे तोंड आलं म्हणजे उष्णता, दुसरं काही सुचतच नाही. पुरण जास्त झालं, जाग्रण झालं. मग गुलकंद झाला, दूध-तूप झालं, कुणी जाईचा पाला चावायला दिला. दादानं तिला जवळच्या डॉक्टरकडे नेलं, तीस-चाळीस वर्षं सराव असलेला माणूस. त्यानं बॅटरी मारून जीभ बघितली, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि लावायचं औषध दिलं. दुसरं काय औषध चालू आहे, हे विचारलं नाही. मी दादाला पुन्हा पुन्हा विचारलं, अरे आठव, विचारलं असेल. दादा म्हणाला, "नाही गं. पेठेतल्या गर्दीबद्दल बोलत होता." मग ताप आला. जुने डाग होते तिथली कातडी सोलली. हिरड्यांतून रक्त आलं. पितृपक्षाच्या शेवटी तिला मोठ्या हॉस्पिटलात घातलं.

तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, हे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, की काय गोळ्या घेतात. अनघाकडे दाखवायला कागद नव्हता, पाकीट नव्हतं. ती रिक्षानं घरी गेली आणि कोयरी घेऊन आली. वॉर्डच्या मधोमध तिनं ती उघडली. "ये वाली रोज, ये वाली सोमवार को." त्यानं दोन्ही कप्प्यांतली एकेक गोळी तळहातावर घेतली, उजेडात धरली, आणि त्यालाही कळेना कुठली कुठली. इतकी शिकलेली पोरं, त्यांनाही कळेना! शेवटी दवाखान्यात फोन झाले, बरण्या बघितल्या गेल्या, रक्ताचा रिपोर्ट आला, आणि मग तो अनघावर ओरडला. सगळ्या खाटांसमोर. "आपने रोज ये खिलाया? आप लोगों ने मार डाला इनको!" अनघा भिंतीला टेकली. मी मध्ये पडले. म्हटलं, "डॉक्टरसाब, आवाज नीचे. जिसने बिना नाम की गोली पुड़ी में बाँधकर दी, उस पर चिल्लाइए. जिसने खून नहीं निकाला, उस पर चिल्लाइए. इस लड़की ने तो दवा ही दी है." तो नंतर व्हरांड्यात येऊन मला म्हणाला, सॉरी आंटी, मैं घबरा गया था. तो मला सॉरी म्हणाला. अनघाला नाही. आणि त्याचं ते वाक्य खाटेवरून खाटेवर, तिथून घरोघर, समाजाच्या हॉलपर्यंत पोचलं, ते कुणी परत आणलं नाही.

वहिनीपर्यंत मात्र ते मी पोचू दिलं नाही, असं मला वाटत होतं. पण तिनं ऐकलं असावं. तोंड उघडता येत नव्हतं, तर तिनं बोटानं अनघाला जवळ बोलावलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला, उलट्या हातानं, कारण तळहात पुन्हा सोलला होता.

तेराव्यानंतर मी दवाखान्याच्या खिडकीवर गेले. माणूस तोच, बरण्या त्याच. मी सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही, त्याला वाईट वाटलं, पण म्हणाला, "माताजी, पुड़ी पर लिखा तो था." मी म्हटलं, तेलाच्या हातात शाई टिकते का रे बाबा? हात खिशात घालून औषध घेणार का तुझे पेशंट? तर म्हणतो, "हम तो सबको ऐसे ही देते हैं." हेच तर! सगळ्यांना असंच देतात. व्यवस्थापकांकडे गेले, त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, घरवालों को भी ध्यान रखना चाहिए. म्हणजे फिरून अनघाच. सारख्या दिसणाऱ्या गोळ्यांची बरणी निर्दोष, बिननावाची पुडी निर्दोष, न विचारणारा डॉक्टर निर्दोष, नस न शोधणारा लॅबवाला निर्दोष, आणि चिंचेनं कोयरी घासणारी सून गुन्हेगार. आता इंदूरचे डॉक्टर येतात त्या सकाळी मी बाकावर जाऊन बसते. पुडी घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारते, ये किस दिन की है? बऱ्याच जणांना सांगता येत नाही. मी खिडकीवर विचारून मार्करनं त्यांच्या पुडीवर वार लिहिते, मग वर चिकटपट्टी, असं करत बसते. दोनदा मला उठवलंय. तिसऱ्यांदा उठवतील तेव्हा बघू.

गेल्या आठवड्यात दादाकडे गेले होते. दादा वहिनीच्या जागी गच्चीत उन्हात बसतो, पाठ उन्हाला देऊन. दोरीवर भैरवगढ़ची एक फिकी साडी होती, अनघा ती अजून धुते आणि घडी घालून ठेवते. चहा झाला, मी निघाले. अनघा दारापर्यंत आली आणि थबकली. तेराव्यापासून ती कुणाला कुंकू लावत नाही, हे मला माहीत होतं. कुणी लावून घेत नाही, हेही माहीत होतं. दिवाळीत फराळाचं ताट द्यायला आलेल्या शेजारणीनं दारातूनच "असू दे, असू दे" म्हटलेलं मी ऐकलंय. मी म्हटलं, कोयरी आण. ती म्हणाली, आत्या, ती नको, करंडा आणते. मी म्हटलं, कोयरीच. ती आत गेली, बराच वेळ लागला, आणि घेऊन आली. घासलेली, एका कप्प्यात हळद, एकात कुंकू. तिनं भरून ठेवली होती, म्हणजे... रोज भरून ठेवत होती. मग तिनं हात लांब केला, मान खाली घातली आणि म्हणाली, "घ्या आत्या, लावून घ्या तुम्ही."

तेच शब्द. तसाच लांब केलेला हात.

मी कोयरीकडे पाहिलं नाही. कपाळ पुढे केलं आणि उंबऱ्यात उभी राहिले. "लाव." ती हलेना. मी म्हटलं, "अगं लाव, मला घरी जायचंय." तिचं बोट कुंकवात गेलं, वर आलं, माझ्या कपाळावर टेकलं, आणि तिथेच थांबलं.